सतरावं प्रकरण

हार्लिंगेनच्या छापखान्यात मी जुळारी होतो,
सोळा वर्षांचा, नखांत शाई,
आणि खिशात, कुणाला न सांगता,
दोरीचं गुंडाळं, चकमक, मेणबत्तीचं थोटूक.
कादंबऱ्यांतल्या पोरांच्या खिशात हे असतंच.

दर गुरुवारी आमचं पत्र निघायचं.
पहिल्या पानावर हेरिंगचे भाव,
शेवटच्या पानावर डाउवे:
तीनशे वर्षांपूर्वीचा नगारेवाला पोर,
कधी पिपात बसून, कधी जोगिणीच्या झग्यात,
स्पॅनिश शिपायांच्या हातावर तुरी देणारा.
हारिंग्समा मास्तर त्याला लिहायचे,
मी अक्षर अक्षर उलटं लावायचो.
उलट्या अक्षरांतूनही तो माझ्याकडे
सरळच बघायचा.

येल्त्ये झाडू मारायची.
छापून झालेले खिळे धुऊन
खणाखणांत परत टाकायची.
वाचायला ती तशीच शिकली,
गोष्टी मोडता मोडता.
तिचा बाप खाजणात कोळंबी धरायचा.
धरायचा, एवढंच ती सांगे.

त्या नोव्हेंबरात मास्तर तापानं फणफणले.
सोळावं प्रकरण संपलं होतं ते असं:
ओहोटीच्या चिखलात डाउवे मांड्यांपर्यंत रुतलेला,
मागे बांधावर मशाली,
समोरून पाणी,
‘आणि त्यानं तलवार उपसली.’
पुढे कोरं.

उद्या दुपारपर्यंत दीड कॉलम, मालक म्हणाले,
आणि जेवायला गेले.
मी ऐटीत कागद ओढला.
मध्यरात्रीपर्यंत तीनदा दोर टाकला डाउवेला,
तिन्ही वेळा येल्त्येनं विचारलं,
‘बांधलास कशाला?’
तिथं झाड नाही. खांब नाही.
‘आणि तलवारीनं भरती कापतात का रे, हार्मेन?’

झाडू भिंतीला टेकवून
तिनं माझ्या हातातून स्टिक घेतली.
कागद नाही, मजकूर नाही,
थेट खणांतून खिळे,
टिक्, टिक्,
कोळंबी निवडावी तसे.

तलवार टाक.
बूट चिखलाला दे, त्याला तेच हवे असतात.
आता उताणा पड. भीती वाटेल, तरी पड.
पाय एकेक सुटू दे, ओढू नकोस,
ओढलेला पाय तो धरून ठेवतो.
मग नगारा पोटाखाली घे
आणि सरक, सीलच्या पिल्लासारखा,
बांधाकडे नको, ओहोळाकडे.
पाणी आधी तिथं येतं.
जे बुडवायला येतंय
तेच उचलेल तुला.
हाका मारू नकोस.
धुक्यात हाक कुठून आली ते कळत नाही,
आम्हाला कळलं नव्हतं.

शेवटची ओळ तिनं परत काढली,
बोटांनी, एकेक खिळा,
आणि तिथं नुसता पूर्णविराम ठेवला.

मला तेव्हा उमगलं,
हे तिला आज रात्री सुचलेलं नव्हतं.
आठ वर्षं ती कुणाला तरी
त्या चिखलातून बाहेर काढत होती,
रोज, झाडू मारता मारता.

प्रुफात एक खिळा उलटा निघाला.
मी पाहिला. तसाच राहू दिला.

मास्तर उठले ते नाताळच्या आसपास.
काठी टेकत आले, अंक वाचला, चष्मा पुसला,
कुणालाच काही विचारलं नाही.
अठराव्या प्रकरणात डाउवे अनवाणी होता,
शेवटपर्यंत अनवाणीच राहिला.
सोमवारी मास्तर स्टूल घेऊन
खिळे धुवायच्या मोरीपाशी बसले
आणि म्हणाले, ‘पोरी,
ओहोटीनंतर वास कसला येतो?’

पुस्तकावर नाव त्यांचंच आहे.

आणि माझी दोरी?
त्याच पहाटे कामी आली.
जुळवलेला मजकूर सुटू नये म्हणून
चारी बाजूंनी घट्ट आवळायला
दुसरं काही सापडेना.
मी खिशात हात घातला, जरा लाजतच.

शनिवारी येल्त्येनंच तो मजकूर मोडला,
धुतला, खणाखणांत टाकला,
हुंदका नाही, काही नाही.
फक्त दोरी मागून घेतली.